पाण्याचा निरोप घेताना

३ डिसेंबर, बुधवार

आले एकदाची. कराडहून सकाळची एसटी, कुंभार्ली घाट, चिपळूणला गाडी बदलून खेड. डेपोबाहेर दीपकने पाठवलेला रिक्षावाला पुठ्ठा धरून उभा होता, त्यावर खडूने ‘नम्रता म्याडम’. एवढ्या प्रवासात पहिल्यांदा हसले. तो म्हणाला, पुठ्ठा नसता तरी ओळखलं असतं, घाटावरची माणसं उतरली की आधी घाम पुसतात.

दीपक म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मंगेशचा, कॉलेजातला मित्र. मूळचा गुहागरचा, नोकरी मुंबईत. खेडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं धरण आहे. त्याचं पाणी मागे दरीत जिथवर पसरलंय, त्या फुगवट्याच्या काठावर त्याने जागा घेतली आणि चार लाकडी केबिन उभ्या केल्या. जानेवारीपासून पर्यटक येणार. तोवर सगळं लावायला आणि पुढे मे महिन्यापर्यंत सांभाळायला त्याला माणूस हवं होतं. मी हो म्हटलं तेव्हा मंगेशने माळ्यावरची बॅग काढून दिली. मग म्हणाला, जा, बरं वाटेल.

आईला जाऊन वर्ष होत आलं. मी अजून रडलेले नाही. स्वयंपाक करते, लेकीची, दिशाची, वेणी घालते, शेजारच्यांच्या हळदीकुंकवाला जाते, पण सगळं काचेपलीकडून. मंगेशने कधी तक्रार केली नाही. फक्त एसटीत बसवताना म्हणाला की नाताळच्या सुट्टीत आम्ही तिकडे येऊ, तोवर तू जरा आधीसारखी हो.

दीपकचंही तेच म्हणणं आहे, पर्यटकांच्या आधी आपली माणसं राहून बघू देत, काय राहिलं ते त्यांनाच कळेल. म्हणजे पहिले पाहुणे आमचेच: मंगेश, दिशा, माझी बहीण दर्शना आणि तिचा मुलगा ऋत्विक. नवरा बोटीवर असल्यामुळे दर्शनाला कुठे जायला मिळत नाही.

जागा फार सुंदर आहे. केबिनच्या ओसरीवरून जांभ्या दगडाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. पलीकडच्या काठाला दाट झाडी. पाणी हिरवं आणि इतकं गप्प की पक्षी उडाला तरी त्याची सावली नीट दिसते.

वाडीतल्या गोदावैनी स्वयंपाकाला येतात. कुळथाची पिठी, भात आणि तळलेला बांगडा असं जेवण झालं. दिवेलागणीला निघताना त्या ‘जाते हां ताई’ म्हणाल्या. मला चमकल्यासारखं झालं. आमच्याकडे निघताना ‘जाते’ कुणी म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. लहानपणी एकदा माझ्या तोंडून गेलं होतं तर आईने चापट दिली होती. इकडची पद्धत वेगळी असेल.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळभर बेत आखत बसले. पहिल्या केबिनमध्ये मी, मंगेश आणि दिशा. दुसरीत दर्शना आणि ऋत्विक. ऋत्विक तेरा वर्षांचा आहे, त्याला तंबूत झोपायचंय, तर ओसरीसमोर तंबू ठोकून द्यायचा, म्हणजे दर्शनाला खिडकीतून दिसेल. एका संध्याकाळी शेकोटी, त्यात रताळी. एका सकाळी कयाक. दीपकने दोन पिवळ्या कयाक आणि लाइफ जॅकेटं आणून ठेवलीत. दिशाच्या मापाचं जॅकेट नव्हतं, ते सांगितलं. मासळी खेडच्या बाजारातून. भाकऱ्या गोदावैनींच्या, कारण माझ्या तांदळाच्या भाकरीला त्यांनी आज दुपारी ‘पापड’ म्हटलं.

उन्हं कलल्यावर पायऱ्या उतरून खाली गेले. शेवटच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. पाणी गार नव्हतं, कोमटही नव्हतं. पाय आत गेल्याचं कळलंच नाही, इतकं मऊ. मी कितीतरी वेळ तशीच बसले. वर्षभरात पहिल्यांदा वाटलं की मला बरं वाटतंय.

उठताना नकळत हात जोडले. आईची सवय. नदी असो, विहीर असो, कुणाचा उंबरठा असो, ती निरोप घेतल्याशिवाय वळायची नाही. मी म्हटलं, येतो हां. सगळे मिळून येतो, नाताळात.

मागे गोदावैनी कळशी घेऊन उभ्या होत्या. काय म्हनलात, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या की घाटावरची मानसं भारी ग्वाड बोलतात, आनि कळशी न भरताच वर गेल्या. (बघा, दोन दिवसांत मीही ‘आनि’ लिहायला लागले.)

६ डिसेंबर, शनिवार

पायाच्या बोटांना संवेदना कमी वाटतेय. नवी चप्पल घट्ट असेल.

दीपक मुंबईहून आला होता. गाद्या आणल्या, जॅकेट आणलं, केशरी रंगाचं, दिशाला आवडेल. बोलका माणूस. मंगेशच्या कॉलेजातल्या खोड्या सांगून त्याने गोदावैनींनाही हसवलं. पण मी म्हटलं, चल, खालच्या पायरीचं शेवाळ दाखवते, तर तो वरच्याच पायरीवर थांबला. बूट ओले होतील म्हणाला. जाताना मला आणि गोदावैनींना त्याने हसतहसत निरोप दिला, पण पाण्याकडे पाठ करून गाडीत बसेपर्यंत चकार शब्द बोलला नाही. मी गंमत म्हणून म्हटलं, अरे ‘येतो’ तरी म्हण. त्याने काच वर केली.

७ डिसेंबर, रविवार

आज गोदावैनींना बसवून चहा दिला आणि विचारलं. आधी त्या टाळत होत्या. मला नोकरी करायची हाय ताई, दीपकशेठना आवडायचं नाय, असं म्हणत होत्या. मग सांगितलं.

धरण व्हायच्या आधी खाली त्यांच्या सासरचं गाव होतं. गाव उठलं तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. सामान बैलगाडीवर, टेम्पोवर चढलं. प्रत्येक घरातल्या माणसाने आपापल्या उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं, आतल्या देवाच्या कोनाड्याला हात जोडले आणि रीतीप्रमाणे म्हटलं, येतो. जातो कोण म्हणणार? स्वतःच्या दारात असलं अभद्र कुणाच्या तोंडून निघेल? सगळ्यांनी येतो म्हटलं आणि वर येऊन राहिले. पावसाळ्यात पाणी भरलं.

पहिले त्यांचे सासरे गेले, धाकू नाव त्यांचं. आजारी नव्हते, दुःखी नव्हते. भर दुपारी धुतलेला सदरा घालून, पानाची चंची कनवटीला लावून निघाले. विचारलं तर म्हणाले, घरी. पाण्यात असे उतरले जसं कुणी ओसरीवरून आत जावं. मग येसूबाई म्हणून एक म्हातारी. मग तिचा मुलगा. कुणी आरडाओरडा केला नाही. ज्यांनी ज्यांनी उंबऱ्याला शब्द दिला होता, त्यांना उंबऱ्याने बोलावलं. गोदावैनी त्या दिवशी रडत होत्या, म्हणून तोंडातून शब्द फुटला नव्हता. म्हणून त्या आहेत.

तेव्हापासून या काठावर सगळे जातो म्हणतात. पोरं शाळेत जाताना, पोरगी सासरी जाताना, सगळे.

मी विचारलं की मी तर इथली नाही, माझा कुठला उंबरा? गोदावैनी कपातला चहा बशीत ओतून गार करत राहिल्या. मग म्हणाल्या, पान्याला काय ठावं ताई. तुमी ‘सगळे’ म्हनलात.

८ डिसेंबर, सोमवार

मी अंधश्रद्धाळू नाही. पण एक शब्द मागे घेण्यात काय जातं, म्हणून दुपारी उन्हात खाली गेले. पायऱ्यांवर उभी राहिले, हात जोडले नाहीत. म्हटलं, मी जाते. आमच्यातलं कुणी —

तोंडातून आलं ‘येते’.

पुन्हा म्हटलं. पुन्हा ‘येते’. आईची चापट इतकी खोल बसलेली असते, असं म्हणून मी हसले. वर केबिनमध्ये येऊन आरशासमोर म्हणून बघितलं. आरशात ओठ बरोबर हलत होते, जा, ते. कानाला ‘येते’ ऐकू आलं.

घोट्यापर्यंत पाय बधिर आहेत. दारात अंगठा ठेचला, रक्त आलं, दुखलं नाही.

भीती वाटायला हवी होती. काचेपलीकडे कुणीतरी घाबरलंय आणि मी इकडून बघतेय, एवढंच.

१० डिसेंबर, बुधवार

खेडला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टाचणी टोचून बघितली, साखर तपासली, ती ठीक निघाली. गोळ्या दिल्या, म्हणाले, मनावर ताण आहे का? मी म्हटलं, नाही, मी इथे सुट्टीच्या तयारीला आलेय.

तिथूनच परत कराडला जायचं ठरवलं. सामान गेलं खड्ड्यात. डेपोत चिपळूणची गाडी लागली होती. मी चढले, खिडकीपाशी बसले. कंडक्टरने कुठे विचारलं आणि मी या वाडीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, ही गाडी तिकडे जात नाही बाई, उतरा, मागची धरा. मागच्या लोकांना घाई होती. मी उतरले. दुसऱ्या कंडक्टरला चिठ्ठीवर लिहून द्यायचं ठरवलं. लिहिलं. त्याने वाचून वाडीचाच रस्ता दाखवला.

परत आले. गोदावैनींनी पाणी तापवलं. पाय गरम पाण्यात बुडवून चोळून दिले. पाणी कढत होतं, त्यांचे हात लाल झाले. मला काही कळलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

मंगेशचा फोन. मी सकाळपासून वाक्य पाठ करत होते. इथे काम वाढलंय, या वर्षी राहू दे, तुम्ही येऊ नका. शेवटचे दोन शब्द कागदावर लिहून समोर ठेवले होते. वाचले.

तो म्हणाला, अगं हो, येतोय तर. किती वेळा ‘या’ म्हणशील?

कागद पुन्हा बघितला. त्यावर ‘या’ लिहिलंय. माझंच अक्षर.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आता इथेही बघून घेते. दोन शब्द लिहायचे: येऊ

या.

पुन्हा. मुलांनो, पाण्यात उतरू

उतरा.

तो शब्द गेला. ज्याने माणूस थांबवतो, हात आडवा करतो, तो छोटा शब्द. त्याचे सगळे भाऊबंदही गेले. मागच्या पानांवर ते दिसतात, मी वाचते, अक्षरं ओळखीची वाटतात, आणि पेन कागदावर टेकलं की हात दुसरीकडे वळतो.

मग आडवाटेने जाते. मंगेशला सांगितलं, इथे मगरी आहेत. जगबुडी नदीत आहेत म्हणतात, तर इथेही असतील. मोठ्या आहेत. त्याने फोन स्पीकरवर टाकला. दिशा मागून ओरडत होती, ऋत्विकदादाला सांगते, ऋत्विकदादाला सांगते. रात्री दर्शनाचा मेसेज: आमचा मगरशास्त्रज्ञ दुर्बीण मागतोय, तुझ्याकडे आहे का? सोबत हसरे चेहरे.

गुडघ्यापर्यंत.

१३ डिसेंबर, शनिवार

आज सकाळी उशांना अभ्रे घातले. चादरी ताणून बसवल्या. तंबू ठोकला. हे सगळं करताना मन अगदी शांत होतं, हात भराभर चालत होते, आणि बेत किती छान जमलाय असंही वाटून गेलं.

मग खाली बघितलं. शेवटच्या पायरीवर टॉवेल घडी करून ओळीने ठेवलेले. प्रत्येकाचा एक. दिशाचा फुलपाखरांचा. केशरी जॅकेट मात्र झाडाच्या फांदीला, उंच, तिच्या हाताबाहेर.

हे मीच केलं असणार. पाय ओले होते.

गोदावैनी आल्या. त्यांनी टॉवेल बघितले, मग मला. मी त्यांचा हात धरला आणि बोलायला गेले, तर तोंडातून एवढंच, माझी माणसं येणार, माझी माणसं येणार. त्यांना कळलं. त्यांनी माझा फोन घेतला, लॉक उघडायला माझं बोट लावून घेतलं आणि मंगेशशी बोलल्या. मला हवं होतं तेच बोलल्या. ते शब्द मला इथे उतरवता — राहू दे. मोठ्याने बोलल्या, शेवटी रडल्या. बाई बऱ्या हाईत असं समजू — आणि पुढचं. त्यांनी सगळं सांगितलं, उंबऱ्याचंही.

मला वाटलं, झालं. सुटलो.

फोन ठेवून गोदावैनी भिंतीला टेकून बसल्या. मंगेश म्हणाला होता, तिला एकटीला सोडू — म्हणजे तिच्यासोबत थांबा. आम्ही सुट्टीची वाट बघत बसण्यापेक्षा लगेच निघतो.

१४ डिसेंबर, रविवार

दर्शनाही निघाली, ती आज रात्री कराडला पोचेल तोवर मंगेश थांबलाय. एकाच गाडीने. उद्या दुपारी पोचणार. दिशाची शाळा बुडवून.

गोदावैनी थांबायला तयार होत्या. संध्याकाळी त्यांच्या मुलाने येऊन त्यांना नेलं. दारात तो त्यांच्या अंगावर ओरडला, मला ऐकू जाईल इतकं, की ज्यांनी शब्द दिला ते बघून घेतील, आपल्याला काय पडलंय. गोदावैनींनी माझ्या कपाळावर हात ठेवला. हाताचं वजन कळलं, ऊब — ती आता कळायची बंद झाली. त्या ‘जाते’ म्हणाल्या. किती सुंदर शब्द.

कमरेपर्यंत. चालते अजून. पाय दिसतात, पुढे पडतात.

फोन बंद पडलाय. चार्जिंगला लावला, दिवा लागतो, पडदा काळा.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळ. ओसरीवर खुर्ची टाकून बसलेय. ठरवलंय. त्यांच्या आधी मीच खाली जाईन. शब्द माझा होता. कदाचित एकीवर भागेल.

पण मी ‘सगळे’ —

मग दुसरं. ‘ये’ हा शब्द अजून माझ्याजवळ आहे. अडवता आलं तर उत्तम, आणि ते जमायचं बंद झालंय, तर बोलावता तरी येतं. दिशा गाडीतून उतरली की ती आधी पाण्याकडे धावेल. मी ओसरीवरून हाक मारेन, ये, माझ्याकडे ये. ती पाण्याकडे पाठ करून माझ्याकडे येईल. तिला घट्ट धरून ठेवीन. एवढं साधं. आधी कसं सुचलं —

इथून हलायचंच बंद. खुर्ची घट्ट धरून बसते.

दुपार. डुलकी लागली होती वाटतं. ऊन चांगलंय. अंग हलकं आहे. गाडीचा आवाज. वळणावर हॉर्न, मंगेशची सवय, दोन छोटे.

आले.

दिशा उतरली. निळा फ्रॉक. वेणी दर्शनाने घातलेली असणार, घट्ट. आई आई करत केबिनमध्ये शिरली. बाहेर आली. मंगेश डिकी उघडतोय. ऋत्विक तंबूकडे. दिशा ओसरीवर उभी, इकडेतिकडे बघतेय, मला शोधतेय —

ओसरीवर ती आहे.

ओसरीवर ती आहे आणि मी तिला समोरून बघतेय. खालून. मधे सगळ्या पायऱ्या.

खुर्ची आहे. मी खुर्चीतच आहे. वहीची खालची कड ओली, शाई पसरतेय. मांडीवर काय हे, हिरवं, मऊ. छातीपर्यंत. काहीच गार — काहीच —

रडू आलं. वर्षानंतर. आत्ता. गालावर गरम लागतंय, तेवढंच अंग माझं.

तोंड मिटून धरलंय. दात दाबून. हात लिहितोय तोवर तोंड गप्प राहील. लिहीत राहते. लिहीत राहते. दिशा, वर बघ. बाबाकडे बघ. मंगेश, वळ. मंगेश, तिचा हात धर, मंगेश

तिने मला बघितलं.

हसली. केवढी हसली. चप्पल काढून ओसरीवर नीट जोडीने ठेवतेय, मी शिकवलं तशी. विचारतेय, मोठ्याने, आई, मी येऊ का?

मी तोंड उघड